चालताना बोलता आलं पाहिजे

गौरी-गणपती होऊन आठवडा झाला होता. सकाळचे साडेसात. जुळे सोलापुरात आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथं शेगड्या पेटल्या होत्या आणि मी परातीत कडक भाकरी थापत होते. 21 वर्षं हेच काम करते. हे कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा दोन डबे पिठावर सुरू केलेला उद्योग आहे हा. कडक भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी हाताखाली आपोआप फिरली पाहिजे, पातळ झाली पाहिजे आणि कडेला चीर पडता कामा नये. त्या दिवशी भाकरी अर्धी थापून झाली आणि माझा हात थांबला.

छातीत कळ आली नव्हती. खालचा जबडा ठणकत होता, दाढ ठणकावी तसा. दोन खांद्यांच्या मधोमध कुणी पाट ठेवून दाबतंय असं वाटत होतं, आणि मळमळत होतं. आदल्या रात्रीही थोडं असंच झालं होतं. तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात पित्ताची गोळी आणि एक इंजेक्शन देऊन मला घरी पाठवलं होतं. त्यामुळे मीही पित्तच धरून चालले होते. म्हटलं, जरा आडवं पडावं.

शेजारच्या शेगडीवर सुशीला भाकऱ्या कडक करत होती. ती 14 वर्षं माझ्याकडे आहे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि भाकरी तव्यावर तशीच सोडून उठली. "ताई, गप्प का बसलालाव?" मी म्हटलं, पडते जरा. ती म्हणाली, "पडायचं नाही. माझी सासू अशीच जबडा धरून झोपली होती. उठली नाही." हे तेव्हा नवी पेठेत माल द्यायला गेले होते. सुशीलानं पीठ लागलेल्या हातानंच मला धरलं, गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवली आणि वाटेतून यांना फोन केला. शेडमधल्या पद्मानं मागं राहून शेगड्या बंद केल्या.

पुढचं बरंचसं मला तुटक आठवतं. ईसीजीचा कागद, धावपळ, जिभेखाली आणि तोंडात दिलेल्या गोळ्या. हृदयाची पुढची मोठी रक्तवाहिनी बंद झाली होती. उजव्या मनगटातून तार घालून एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकली. पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 40 टक्के आलं. डॉक्टर नंतर म्हणाले, बायकांच्या बाबतीत जबडा, पाठ, मळमळ, दम लागणं ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा दिसतात, आणि पित्त समजून वेळ निघून जातो. उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू जातो. सुशीलानं मला आडवं पडू दिलं असतं तर हा लेख लिहायला मी राहिले नसते.

पैशाचं ओझं शेजारच्या मुलानं पेललं. म्हणजे पैसे त्यानं दिले नाहीत, त्याहून अवघड काम केलं. केशरी रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट घेऊन तो सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रांच्या टेबलापाशी दिवसभर बसला आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत माझी केस मंजूर होईपर्यंत हलला नाही. हे बाहेर बाकावर नुसते बसून होते. त्यांना कुणी नाव विचारलं तरी सांगता येत नव्हतं, असं तो पोरगा नंतर म्हणाला. पाचव्या दिवशी मी घरी आले. मला लिहायचंय ते खरं त्यानंतरच्या चार महिन्यांबद्दल.

घरी आल्यावर माझी राखण सुरू झाली. मुलगा पुण्याहून पंधरा दिवसांची रजा काढून आला. त्यानं शेडचं दार बाहेरून लावून घेतलं, माझा मोबाईल स्वतःकडे ठेवला, शिडी, बादली, पाण्याची कळशी सगळं माझ्या नजरेआड केलं. मी तांब्या उचलायला वाकले की दोघं-तिघं धावत यायचे. अंघोळीला गेले तर दाराला कडी लावायची नाही आणि बाहेर हे उभे. सून जेवणाचं ताट पलंगावर आणून द्यायची. सगळ्यांचं प्रेमच होतं त्यात, एकाच्याही मनात दुसरं काही नव्हतं. पण त्या पंधरा दिवसांत माझं शरीर फुटक्या काचेसारखं आहे अशी माझीच खात्री पटत गेली. मनगटावरचा निळा डाग हिरवा झाला, मग पिवळा पडला, आणि मी तेवढंच बघत बसायचे. ज्या हातानं घर उभं केलं तो हात मांडीवर पडून होता.

भेटायला येणाऱ्यांची रांग होती. सोलापुरात आजारी माणसाला भेटायला गेलं नाही तर आयुष्यभर बोल लागतो, त्यामुळे सगळे येतात आणि बसतात. कुणाचा मेहुणा दुसऱ्या झटक्यात कसा गेला, कुणाच्या शेजाऱ्याची स्टेंट कशी पुन्हा बंद झाली, हे चहाबरोबर सांगतात. एका पाहुण्यांनी तर इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करून रोज सकाळी दुधी भोपळ्याचा रस घ्यायला सांगितला. मी दोन दिवस घेतला. तिसऱ्या दिवशी भाची आली, ती एमबीबीएसला आहे. तिनं पेला हातातून काढून घेतला. दुधी कडू निघाला तर त्याचा रस विषारी असतो, आणि स्टेंट टाकल्यावर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर एक दिवसही चुकवायच्या नसतात, कारण पहिल्या महिन्यांत त्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. एरवी हळू बोलणारी माझी भाची त्या दिवशी सगळ्यांसमोर ओरडून बोलली. मला तिचा अभिमान वाटला.

रात्री मात्र मी एकटी असायचे. हे शेजारीच झोपलेले, तरी एकटी. छातीची धडधड उशीतून ऐकू यायची. आता थांबेल, आता थांबेल, असं वाटत मी पहाटेपर्यंत जागी. दिवसा कारण नसताना रडू यायचं. भाकरीचा वास आला की रडू, सुनेनं ताट ठेवलं की रडू. सगळे म्हणायचे, "रडू नका, हार्टला त्रास होईल." मग मी रडणंही लपवायला लागले. भाचीनंच मला सांगितलं की हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला खरं नैराश्य येतं, आणि ते आलं तर गोळ्या घेणं, चालणं, खाणं सगळंच ढासळतं. "मावशी, ही तुझी कमजोरी नाही गं, हा आजाराचाच भाग आहे. डॉक्टरांना सांगायचं." मला त्या एका वाक्याचा फार आधार वाटला.

तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं. यांच्यासमोर सांगितलं, लाज वाटली तरी. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग विचारलं, "काकू, चालता किती?" मी म्हटलं, पलंग ते संडास. ते मुलाकडे वळून म्हणाले की आईला बसवून ठेवणं ही काळजी नाही. पाच मिनिटं सकाळी, पाच मिनिटं संध्याकाळी सपाट रस्त्यावर चालायचं, आणि दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवायची. मी विचारलं, जास्त झालं हे कळणार कसं? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी त्या दिवसापासून विसरलेले नाही. "चालताना बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग वाढवा. वाक्य मधेच तुटत असेल तर कमी करा." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे बोलायला कुणीतरी सोबत पाहिजे. कोण आहे?"

यांचे गुडघे गेलेत. मुलगा परत पुण्याला जाणार होता. सून दोन लेकरांत अडकलेली. मी गप्प बसले. घरी येऊन सुशीलाला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग मी कशाला आहे?"

दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी सहाला ती दारात. काम आटोपून, हातपाय धुऊन, पदर खोचून. "चला ताई." तब्येत कशी आहे असं तिनं कधीही विचारलं नाही. पहिल्या दिवशी आम्ही घरापासून विजेच्या दुसऱ्या खांबापर्यंत गेलो आणि परत आलो. आठवड्यानं गणपतीच्या देवळापर्यंत. चौथ्या आठवड्यात विजापूर रोडवरच्या कंबर तलावापर्यंत रिक्षानं जाऊन तिथं वीस मिनिटं. आता त्याचं नाव धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण आमच्या तोंडात कंबर तलावच बसलंय. ऑक्टोबरची ऊन्हं कलल्यावर तिथं वारा सुटतो, पाण्यावर बगळे असतात.

चालताना सुशीला बोलायची आणि मला बोलायला लावायची. तिच्या धाकटीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा, ज्वारीचा भाव, शेंगदाण्यात यंदा खवट दाणे किती निघतात. हृदय सोडून सगळं. एकदा मी बोलता बोलता थांबले. वाक्य अर्धं राहिलं. ती लगेच थांबली, पण घाबरली नाही. मला कठड्यावर बसवलं, माझ्यासमोर उकिडवी बसली.

"जबडा दुखतोय?"

"नाही."

"पाठ?"

"नाही."

"मळमळ?"

"नाही गं, नुसता दम लागलाय."

"मग बसा की. मलापण लागलाय."

कनवटीला तिनं सॉर्बिट्रेटच्या गोळ्यांची पट्टी ठेवली होती, ती मला तेव्हा दिसली. डॉक्टरांना विचारून ती कधी जिभेखाली ठेवायची, किती वेळ वाट बघायची, मग 108 ला फोन कधी लावायचा, हे सगळं तिनं पाठ केलं होतं. मला न सांगता. दहा मिनिटांनी आम्ही उठलो आणि सावकाश परत आलो. त्या रात्री मला झोप लागली. घरात चार माणसं राखणीला असताना जी झोप येत नव्हती, ती त्या कठड्यावरच्या दहा मिनिटांनी आली. मला दम लागू शकतो, मी बसू शकते आणि पुन्हा उठून चालू शकते, हे त्या दिवशी कळलं होतं.

दर शनिवारी पद्मा हिशोबाची वही घेऊन यायची. पद्मा सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलते, मला अक्का म्हणते. मी नसताना पाच बायकांनी शेड चालू ठेवली होती. मुलगा गेल्याबरोबर कडी काढली आणि शेगड्या पेटवल्या. माझ्या वाटच्या भाकऱ्या त्यांनी आपसात वाटून घेतल्या, शेंगा चटणी शबाना कुटायची. ह्याला काय म्हणायचं? त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता, मान्य आहे, पण मजुरी जेवढ्यास तेवढी घेऊन उरलेले पैसे दर आठवड्याला त्या वहीत लिहून माझ्या उशाशी ठेवत होत्या. आणि वहीबरोबर प्रश्न आणायच्या. "अक्का, मालदांडी ज्वारीचं पोतं महाग झालंय, थांबायचं की घ्यायचं?" मुलाला फोनवर हे कळलं तर तो चिडला. आईला टेन्शन देऊ नका म्हणाला. मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, पोत्याचा भाव मला विचारला नाही तर मला टेन्शन येतं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं आई." दिवाळीला आला तेव्हा स्वतःच वही घेऊन माझ्याशेजारी बसला.

यांच्याबद्दल लिहायला हवं, कारण यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. एका रात्री जाग आली तर यांचा हात माझ्या नाकापाशी. श्वास चालू आहे का बघत होते. विचारलं, तर म्हणाले, रोज बघतो, दर तासाला. दीड महिना हा माणूस झोपला नव्हता. माझ्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या होत्या, पण स्वतःची बीपीची गोळी विसरत होते. संध्याकाळी गिरणीतल्या जुन्या दोस्तांच्या कट्ट्यावर जायची यांची वीस वर्षांची सवय, तीही बंद. माझ्यापाशी रडता येत नाही, मुलापाशी येत नाही, मग जायचं कुठं? मी सुशीलाच्या नवऱ्याला सांगितलं, तो कट्ट्यावर बोलला, आणि दुसऱ्या दिवशी तीन म्हातारे आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यातले एक, यांच्याच खात्यात होते, यांचा हात धरून म्हणाले, "वहिनी फिरायला जातात, तू कशाला घरी बसतोस? चल." त्या दिवशी हे दोन तासांनी परत आले. डोळे सुजलेले होते. काही बोलले नाहीत, आणि त्या रात्री घोरायला लागले. इतकी वर्षं ज्या घोरण्यावर मी कुरकुर केली, ते ऐकत मी शांत पडून राहिले. माझं सांगणं आहे की ज्यांच्या घरात असा पेशंट आहे, त्यांनी पेशंटच्या जोडीदाराला आधी विचारा, झोपलास का, जेवलीस का.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं दोन जुने अभ्यास सांगितले. अमेरिकेत न्यू हेवन इथं हार्ट अटॅक आलेल्या 194 वयस्कर माणसांचा अभ्यास झाला होता, तो 1992 साली छापून आला. त्या सगळ्यांना अटॅक येण्याच्या आधीच विचारून ठेवलं होतं की अडीनडीला मन मोकळं करायला तुमचं कुणी आहे का. ज्यांनी कुणी नाही असं सांगितलं होतं, त्यांचा सहा महिन्यांत मृत्यू होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ तिप्पट निघाला, आजार किती मोठा हे हिशोबात धरूनसुद्धा. ऐकून अंगावर काटा आला. पण दुसरा अभ्यास 2003 चा, 2,481 पेशंटचा. त्यात नैराश्य आलेल्या किंवा एकट्या पडलेल्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांना समुपदेशनाची सत्रं दिली. त्यांचं मन सुधारलं, एकटेपण कमी झालं, पण मृत्यू आणि दुसरा अटॅक काही कमी झाले नाहीत. भाची म्हणाली, का, याचं उत्तर अजून सरळ नाही. मला विचाराल तर मन सुधारणं हेसुद्धा थोडं नव्हे, मी त्या रात्री काढल्यात. आणि सोबत कुणी ठरवून, मोजून देऊ शकेल असं मला वाटत नाही. सुशीला सहाला यायची ती 14 वर्षं एका शेडमध्ये घाम गाळल्यामुळे. ते आधीचं असावं लागतं. किंवा आधीचं नसेल तर कुणीतरी चिकाटीनं सुरू करावं लागतं.

डिसेंबरमध्ये टूडी इकोला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला गेले. पंपिंग 50 टक्के आलं. बाहेर रांगेत एक बाई होत्या, सत्तरीच्या आसपासच्या, जुन्या विडी कामगार, हातात पिशवी आणि फाईल. बरोबर कुणी नाही. मुलं नाहीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनाही स्टेंट टाकून दोनच महिने झाले होते. बोलता बोलता म्हणाल्या, दोनातली एक गोळी आठ दिवस घेतली नाही. जवळच्या दुकानात मिळेना, आणि लांब जायला जीव होत नव्हता. मी तिथंच त्यांचा हात धरला. आत गेल्यावर डॉक्टरांना आधी ते सांगायला लावलं, आणि बाहेर आल्यावर पत्ता विचारला. अशोक चौकाच्या पलीकडे, पद्माच्या घरापासून दोन गल्ल्या. मी पद्माला फक्त एवढंच सांगितलं की या बाई चालायला एकट्या आहेत. बाकी मला काही सांगावं लागलं नाही. पद्मा त्यांना घेऊन रोज संध्याकाळी मार्कंडेय मंदिराच्या बाजूनं फिरते, दोघी तेलुगूत बोलतात. महिन्याच्या गोळ्या शबानाचा मुलगा एकदम आणून ठेवतो. विड्या वळून वळून त्या बाईंची बोटं अशी चालतात की चटणीच्या पुड्या बांधायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा. सिद्धेश्वराच्या यात्रेला गावोगावचे पाहुणे येतात आणि जाताना कडक भाकरी, शेंगा चटणी बांधून नेतात. आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा हंगाम. मी डॉक्टरांना विचारलं, थापू का? ते म्हणाले, हातांचं काम पायांच्या कामापेक्षा हृदयाला जड जातं, सुरुवातीला अर्ध्या तासाच्या वर नाही, आणि नियम तोच.

संक्रांतीच्या आधी दोन दिवस मी शेडमध्ये परातीपुढे बसले. चार महिन्यांनी. पीठ मळलेलं होतं, माझी परात कुणीतरी घासून लख्ख केली होती. पहिली भाकरी कडेला चिरली. दुसरी फिरली. मी मान खाली घालून थापायला लागले, तशी शेजारच्या शेगडीवरून सुशीला म्हणाली, "ताई, गप्प थापायचं नाही. बोला की."

"काय बोलू?"

"काहीपण. तुमच्या लग्नात जेवायला काय होतं ते सांगा."

मी सांगायला लागले. खीर गव्हाची होती, वांग्याची भाजी तिखट झाली होती, सासरे रुसले होते. बायका हसत होत्या, पद्मा मधे मधे विचारत होती. मी अकरा भाकऱ्या थापल्या. बारावीला, सासऱ्यांची समजूत कशी काढली ते सांगताना, माझं वाक्य जरासं तुटलं. सुशीलानं काही न बोलता परात स्वतःकडे ओढून घेतली आणि म्हणाली, "मग? आले का जेवायला?"